फवाऱ्याचं दुखणं

मला काहीही झालं की आमच्या घरात पहिला प्रश्न एकच असायचा. फवारा कधी मारला होता? आणि उत्तर हमखास सापडायचं. कापसाच्या गावात पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत कोणत्याही तारखेपासून मागे आठ दिवस मोजा, कोणाचा ना कोणाचा फवारा झालेलाच असतो. आपला नसला तर शेजारच्या वावरातला. इतकी साधी गोष्ट डोक्यात शिरायला मला चोवीस वर्षं लागली, आणि तीही डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेव्हा. तोवर मी स्वतःला फार हुशार समजत होते. उंद्रीच्या अंगणवाडीत मी सेविका, अर्ध्या गावाला अ आ इ मीच गिरवायला लावलेलं.

पहिल्यांदा झालं ते त्र्याण्णव साली. मी सव्वीस वर्षांची होते. तेव्हा बीटी बियाणं आलेलं नव्हतं. कपाशीवर, आमच्या पऱ्हाटीवर, हिरवी अळी पडायची आणि माणसं आठवड्याला फवारे मारायची. पाणी वाहणं आणि औषध कालवणं हे बायकांचं काम. ते विष असतं, पण गावात त्याला सगळे औषधच म्हणतात. त्या दिवशी माझा नवरा कडूबा पंप पाठीवर घेऊन घाईला आला होता. ढवळायला काठी सापडेना. तो म्हणाला, "हातानंच ढवळ वं, काय होते?" मी बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घातला.

तिसऱ्या दिवशी उजवा डोळा दुखायला लागला. पाचव्या दिवशी त्या डोळ्याने नीट दिसेना. कुंकवाची डबी उघडली, डावा डोळा झाकून पाहिलं, तर कुंकू राखेच्या रंगाचं. मी अशी किंचाळले की शेजारच्या शालूबाई पोळपाट हातात घेऊन धावत आल्या.

सासूबाईंनी चिंचेचं पाणी पाजून उलट्या काढल्या. चिखलीच्या डॉक्टरने सुया दिल्या. महिन्याभरात डोळा उघडला, कुंकू पुन्हा लाल झालं. पण तो महिनाभर कडूबा माझ्या खाटेच्या पायाशी बसून होता. नीट जेवला नाही. एकच धरून बसला होता, "म्या तुले आंधळं केलं. म्या केलं."

त्यानंतर हा माणूस बदलला तो बदललाच. विहिरीवरून पाणी तो आणायचा. चुलीला फुकणी तो घालायचा. फवाऱ्याच्या दिवशी मला वावराकडे फिरकू द्यायचा नाही. फवारून झालं की विहिरीवर साबण लावून अंघोळ करायचा, स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा आणि मगच घराच्या रस्त्याला लागायचा. वावराच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, चढायचं असो की बसमध्ये, मी पाय उचलायच्या आधी त्याचा हात पुढे आलेला असायचा. गावातले बाप्ये टिंगल करायचे, "कडूबा बायकोचा गडी हाये." तो हसायचा.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. इतर बायकांच्या पाठीत रपाटे बसत होते, माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या येत होता. भांडणात मी हरायला लागले की उजवा डोळा जरा चोळायचे. बस. तो तिथेच गप्प. कितीदा चोळला असेल याचा हिशेब देवाकडे असेल, माझ्याकडे नाही.

बीटी आलं तेव्हा गावातली पहिली थैली आमच्या घरी आली. झाडातच अळीचं मरण आहे, अळीसाठी फवारायची गरज नाही, असं दुकानदाराने सांगितलं आणि कडूबाने ते देवाचं वचन असल्यासारखं ऐकलं. "पुष्पे, तुह्यासाठी लावतो," म्हणाला. दोन-तीन वर्षं खरंच फवारे कमी झाले. मावा-तुडतुड्यांसारख्या बारीक किड्यांचे तेवढे राहिले.

तरी दोन हजार पाच साली दुसऱ्यांदा झालं. डावा पाय मांडीपासून बधीर. पोटाभोवती कोणी ओला दोर आवळून बांधल्यागत. श्वास पुरा घेता येईना. कडूबाने दिवस मोजले. सहा दिवसांपूर्वी वरच्या अंगाच्या वावरात कोणीतरी फवारलं होतं. "वाऱ्यानं आलं," म्हणाला आणि कपाळ बडवून घेतलं. मी सावलीत पडून राहिले. त्याने भाकरी भाजल्या, माझे केस विंचरले. दीड महिन्यात दोर सुटला, पाय जागा झाला.

म्हणजे मला हे दुखणं पाठ झालं होतं. येतं आणि जातं. पडून राहायचं, नवऱ्याने करायचं, वाट पाहायची.

म्हणूनच दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात पाय पुन्हा जड झाला तेव्हा मी घाबरले नाही. या वेळी ते एकदम आलं नाही, हळूहळू आलं. डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि मला पत्ता नसायचा. अंगणवाडीतली पोरं ओरडायची, "म्याडम, तुमची चप्पल दारात राह्यली!" मी हसायचे. ऊन तापलं की पाय चिखलात रुतल्यासारखा व्हायचा, सावलीत बसलं की थोडा मोकळा. लघवीला लागली की धावावं लागायचं, आणि धावता तर येत नव्हतं. यातलं मी कोणाला सांगितलं नाही. दोन महिने वाट पाहिली. सहा पाहिली. वर्ष गेलं. जायला हवं होतं ते गेलं नाही.

आमच्या पर्यवेक्षिका बेबीताई सप्टेंबरात भेटीला आल्या. मी पोषण आहाराचं पातेलं उचलून चार पावलं टाकली तशा म्हणाल्या, "पुष्पाबाई, पाय ओढता तुम्ही."

"फवाऱ्याचं हाये ताई. जाते आपोआप."

"यंदा तुम्ही वावरात पाय तरी ठेवला का?"

यंदाच काय, चोवीस वर्षांत फवाऱ्याच्या दिवशी मी वावर पाहिलं नव्हतं. बेबीताई हट्टी बाई. त्यांचा भाचा औरंगाबादला एका दवाखान्यात कामाला, त्याच्याकरवी त्यांनी नंबर लावला. घरी मी सांगितलं की प्रशिक्षण आहे. कडूबाला खरं सांगितलं असतं तर तो पुन्हा खाटेच्या पायाशी बसला असता, आणि यंदा त्याला बसायला फुरसत नव्हती. बीटी झाडात गुलाबी बोंडअळी शिरली होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. कोणती अळी बीटीने मरायची आणि कोणती नाही, हे आता दुकानदारही सांगेना. माणसं दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारत होती.

दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मला नळीसारख्या मशीनमध्ये घातलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी काळी फिल्म उजेडाला धरली आणि बोट ठेवलं. मेंदूत पांढरे ठिपके. मानेच्या मणक्यातही.

"काही नवे आहेत, काही फार जुने," त्या म्हणाल्या. "आधी कधी डोळा गेला होता का?"

मी बेबीताईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंना हे कोणी सांगितलं?

मग मी सगळं सांगितलं. ड्रम, हात, कुंकू, दोर. त्या ऐकत होत्या आणि लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. मोटारीच्या तारेवर रबर असतं ना, तसं आपल्या नसांवरही आवरण असतं. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून ते आवरण खाते. तरुणपणी तुम्हाला याचे झटके येत होते. झटका ओसरला की शरीर जमेल तशी डागडुजी करत होतं. म्हणून डोळा परत आला, पाय परत आला."

"मंग आता काऊन नाही येत?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वय वाढतं तसा सगळ्यांच्याच शरीरात एक बारीक दाह सुरू राहतो. तुमच्या, माझ्या, कोणाच्याही. ज्याला हा आजार आहे त्याला तो जास्त धोक्याचा. आतल्या आत धुमसत राहतं, आणि डागडुजी करणारं शरीर थकलेलं असतं. आता झटका दिसत नाही, पण थोडं थोडं जात राहतं."

"जाईन कवा हे?"

"वेग कमी करायचा प्रयत्न करू. औषध आहे, व्यायाम आहे, उन्हापासून जपायचं. पण जाईल, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

तरी मी विचारलं, "आन फवारा?"

"फवारा वाईटच. पण त्याची बाधा झाली तर तासांत दिसते. उलट्या, घाम, लाळ. पाच दिवसांनी एकाच डोळ्यात नाही. हा आजार कोणाला का होतो हे पूर्ण माहीत नाही कोणालाच. पण तुम्ही हाताने ढवळलंत म्हणून झाला, असं काही नाही. हे फवाऱ्याचं दुखणं नाहीच."

परतीच्या बसमध्ये बेबीताई माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं मी पायाच्या भीतीने रडते आहे. ती भीती होतीच. मी डोळ्यांपुढे स्वतःला पाहत होते, आधी काठी, मग भिंत, मग खाट, मग खाटेखाली भांडं. पण देऊळगाव मही गेलं आणि दुसरी भीती आली, ती पहिलीपेक्षा मोठी होती. ते भांडं उचलणार कोण?

कडूबा. का उचलणार? त्याने मला विष लावलं म्हणून. आणि त्याने लावलंच नसेल तर?

चोवीस वर्षं हा माणूस माझ्याशी बांधलेला होता तो त्या एका दुपारच्या गाठीने. ती गाठ सोडली तर खाली काय आहे, मला माहीतच नव्हतं. लग्नाची पहिली सहा वर्षं आठवून पाहिली. तेव्हाचा कडूबा चिडका होता, ताट सरकवून उठून जायचा, माझ्या माहेरच्यांना नावं ठेवायचा. तो परत आला तर? पन्नाशीची, पाय ओढणारी, मूलबाळ नसलेली बायको. त्याची आई होती तोवर तिने दुसरीचा विषय दोनदा काढलाच होता, आणि दोन्ही वेळा त्याने तिला गप्प केलं होतं ते माझ्या डोळ्यामुळे.

मी बेबीताईंना शपथ घातली. फाइल अंगणवाडीच्या कपाटात वजनकाट्यामागे ठेवली. गोळ्या पोषण आहाराच्या एका रिकाम्या डब्यात. घरी गेले तर कडूबाने विचारलं, "कसं झालं परशिक्षण?" आणि माझा पाय पाहून त्याचा चेहरा पडला. "पुन्हा चालू झालं काय वं? कालच फवारलं म्या. घरात आलं असंन."

मी म्हणू शकत होते. तोंडाशी आलं होतं. मी उजवा डोळा चोळला आणि म्हणाले, "असंन."

तीन आठवडे असेच गेले. टीव्हीवर यवतमाळकडच्या बातम्या येत होत्या, फवारणारी माणसं दवाखान्यात भरती होत होती, काही मेली होती. कडूबा टीव्ही बंद करायचा. एका मंगळवारी तो वावरातून आला आणि दारातच ओकला. म्हणाला, बसस्टँडवरची भजी बाधली. मी लिंबूपाणी दिलं. त्याचे हात कापत होते, तांब्या दातांवर वाजत होता. मला भजी पटली, कारण मला भजीच पटायला हवी होती.

शुक्रवारी दुपारी पोरं खिचडी खाऊन घरी गेली आणि मी पातेलं घासत होते. दारात अकरम येऊन उभा राहिला. अकरमचं वावर आमच्या वावराला लागून, मधे एकच धुरा. त्याने चप्पल काढली, आत आला नाही.

"वयनी, एक गोष्ट सांगू का? कडूभाऊले नका सांगू म्या सांगतलं म्हनून."

"काय झालं?"

"ते उघड्या तोंडानं फवारते. दुपट्टा बांधत नाही. म्या आज बी म्हनलं, बाप्पा, मरशीन. इकडं दवाखाने भरून राह्यले. तं मले म्हने..."

"काय म्हने?"

"म्हने, पुष्पीनं भोगलं ते मले बी थोडंसं भोगू दे. चोवीस वर्सं झाले म्हने, म्या दुपट्टा बांधलाच नाही."

मी पातेलं तसंच खाली ठेवलं.

"मंगळवारी बी चक्कर येऊन पडले होते. म्याच उचललं. आन आज दोन औषधं एक करून मारून राह्यले. बोलनं बी बरोबर नाही येऊन राह्यलं त्याईचं."

म्हणजे विहिरीवरची ती अंघोळ, ते साबणाने धुतलेले कपडे, सगळं माझ्यासाठी होतं. स्वतःसाठी काहीच नाही. मी डोळा चोळत होते आणि हा माणूस तिकडे दरवर्षी थोडं थोडं विष हुंगत होता.

"गाडी हाये काय तुह्यी?"

"हाये."

"चाल."

ऑक्टोबरचं ऊन होतं. अकरमने मोटरसायकल धुऱ्यापर्यंत नेली. मी त्याला म्हटलं, तू पाणी आण, साबण आण, रिक्षावाल्याला फोन कर. त्याला पाठवलं कारण मला जे बोलायचं होतं ते त्याच्यासमोर बोलवलं नसतं. अशा वेळीसुद्धा माणसाला अब्रू सुचते.

यंदा पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता. मी पिकाच्या दोन ओळींच्या, तासांच्या, मधून आत शिरले. तो उग्र वास नाकात गेला आणि चोवीस वर्षांपूर्वीचा तो ड्रम आठवला. "अवो!" मी हाक मारली. "अवो, थांबा!" पंपाच्या आवाजात माझा आवाज मलाच येईना. उन्हाने पाय जायला लागला. आधी घोटा, मग गुडघा. मी दोन्ही हातांनी झाडं धरत पुढे सरकत होते, बोंडांची टोकं तळहाताला टोचत होती. डाव्या पायाला मी अक्षरशः शिव्या दिल्या. चाल रांडेच्या, आज चाल, उद्या चालू नको.

तो समोर आला तो एकदमच. शर्ट घामाने आणि औषधाने भिजलेला. तोंड उघडं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. त्याने मला पाहिलं आणि पंप बंद केला.

"इथी काऊन आली वं तू! फवारा चालू हाये! जाय, जाय भायेर!"

"आधी तो पंप उतरवा."

"पुष्पे, तुले पुन्हा लागंन..."

"मले काही लागत नाही!" मी ओरडले. "मले कधी काही लागलंच नव्हतं. तुमच्या हातानं काही नाही झालं. डॉक्टरीनबाईनं सांगतलं. दुसरा आजार हाये तो, माह्या आंगातलाच. फवाऱ्याचा नाही. ढवळल्याचा नाही. तुमचा नाही."

तो नुसता पाहत राहिला. कदाचित त्याला नीट दिसतही नव्हतं. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"मंग म्या नाही केलं?"

"नाही."

"डोळा बी?"

"डोळा बी नाही."

त्याने पंप उतरवला. पट्टे सुटता सुटेनात, बोटं थरथरत होती. मग त्याने विचारलं ते मला आजही ऐकू येतं.

"कवा सांगतलं डॉक्टरीनीनं?"

"तीन आठवडे झाले."

"मंगळवारी मी ओकलो. तवा तुले मालूम होतं?"

उघड्या तोंडाचं माहीत नव्हतं, हे मी म्हणू शकले असते. खरंही होतं. पण त्याने ते विचारलंच नव्हतं.

"हाव," मी म्हणाले. "मालूम होतं."

"काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही मले सोडसान म्हनून. हे जानार नाही म्हनते डॉक्टरीन. वाढतच जाईन म्हनते. मी पांगळी होईन. मले भेव वाटलं."

तो वळला आणि झाडं हाताने बाजूला करत चालायला लागला, माझ्याकडे पाठ करून. मला हात न देता. मनात आलं, झालं, ज्याला भीत होते ते झालं. दहा पावलं गेला असेल. मग त्याचे गुडघे वाकले आणि तो झाडांवर आडवा पडला.

मला धावता आलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. समोर दहा पावलांवर नवरा पडलाय, त्याच्या दंडाचं मांस उडतंय, तोंडातून फेस येतोय आणि पाय ऐकत नाही. मी खाली बसले आणि हातांवर ओढत गेले. त्याचा शर्ट फाडून काढला. त्याला कुशीवर केलं. अकरमच्या नावाने अशी बोंब मारली की पलीकडच्या वावरातले मजूरही धावत आले. अकरमने पाण्याची कॅन आणली होती, साबण आणला होता. मी त्याला धूत राहिले, केस, छाती, काखा. रिक्षा येईपर्यंत धुतलं, आणि तो मेला तर माझ्या त्या तीन आठवड्यांनी मारला, हे मला लख्ख कळत होतं.

चिखलीच्या दवाखान्यात त्याला सुयांवर सुया दिल्या. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून असं फवारतो?" मी म्हटलं, "चोवीस वर्षं." त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही.

दोन दिवस मी खुर्चीत होते. त्याच्या नळीकडे पाहायचे, मग माझ्या पायाकडे. तिसऱ्या दिवशी बाहुल्या मोठ्या झाल्या, लाळ थांबली. डॉक्टर म्हणाले, "वाचला. विष उतरलं, आता हळूहळू सगळं जाईल." मी पदर तोंडात कोंबून रडले. त्याचं जाणार होतं. खरं फवाऱ्याचं दुखणं असं असतं, येतं आणि जातं.

त्या दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पाणी दिलं तर प्यायचा. मी डोळ्यांनी विचारायचे, तो भिंतीकडे पाहायचा. सोडून दिलेल्या बाईला कसं वाटत असेल ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

पाचव्या दिवशी सुट्टी दिली. अकरम रिक्षा घेऊन बाहेर थांबला होता. कडूबा खाटेवरून उतरला, पिशवी घेतली आणि चालायला लागला. मी मागे, भिंतीला हात लावत. दवाखान्याच्या दाराला चार पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. तो उतरून खाली गेला. मी वरच्या पायरीवर थांबले. डावा पाय कुठे आहे तेच मला कळत नव्हतं.

तो खाली उभा राहून माझ्याकडे पाहत होता. त्याचा हात पुढे आला नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"काऊन थांबली?"

"उतरता येत नाही."

"मंग सांगत काऊन नाही?" तो एकदम ओरडला. रिक्षावाला, बाहेर बसलेल्या बाया, सगळे पाहायला लागले. "मले कसं मालूम पडन? आतापरेंत मी तुह्या पायाकडंच पाहत जगलो. मले भेव होतं, म्हनून पाहो. आता कायले पाहू? तुले पायजे तं माग. तोंड हाये ना तुले? आंगनवाडीत एवढी ओरडते, अन् मले तीन आठवडे..." त्याने पिशवी खाली ठेवली आणि दुपट्ट्याने डोळे पुसले. "सोडसान म्हने. विचारलं होतं काय मले एकदा तरी?"

नाही. मी त्याला कधीच काही विचारलं नव्हतं. डोळा चोळला होता.

बाया पाहत होत्या. त्याला नाही म्हणायची मोकळीक आता पहिल्यांदाच होती.

"हात द्या," मी म्हणाले.

तो तसाच उभा राहिला. मग एक पायरी वर चढला आणि हात पुढे केला.